बदललेलं तेवढंच

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा बरं. रनाळ्याला माझ्या माहेरी आजही काही बिनसलं की आई म्हणते, "तुन्ही जीभ म्हंजे इळा शे. पहिले कापस, मंग पाहस." आईचं हे बोलणं मी कित्येक वर्षं हसण्यावारी नेलं. मग एका वर्षी दिवाळी सरल्यापासून महूची, म्हणजे मोहाची, फुलं गळायला लागेपर्यंत मी एका बाईवर चिडत राहिले, आणि त्या सगळ्या महिन्यांत तिची काडीचीही चूक नव्हती. ते कसं झालं ते लिहून ठेवते आहे. आठवलं की लाज वाटते, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटतं.

नंदुरबारला आमच्या संस्थेच्या दोन खोल्या आहेत. त्या वर्षी आम्ही डोंगरातल्या पहिलीच्या मुलांसाठी त्यांच्या घरच्या बोलीत वाचनपुस्तक करत होतो. सातपुड्यातली ही मुलं घरी भिली बोलतात आणि शाळेच्या पहिल्याच दिवशी त्यांच्यापुढे पुस्तकी मराठी येऊन उभी राहते. आम्हा सपाटीवरच्यांच्या घरातही अहिराणीच चालते, पुस्तकी मराठी शाळेत आणि कचेरीत. त्यामुळे त्या मुलांची अडचण मला बरोब्बर कळते, असा माझा समज होता. पाठ मी मराठीत लिहायचे. आमचे सर, म्हणजे संस्थेचे प्रमुख आणि निवृत्त मुख्याध्यापक, ते तपासायचे. मग कॉलेजात शिकणारे डोंगरातले दोघे जण त्याचं जसंच्या तसं भिलीत करून द्यायचे.

मोलगीच्या पुढे दीड तास चाललं की एक पाडा लागतो. तिथल्या शाळेत त्याच भागातली एक शिक्षिका होती, आश्रमशाळेत शिकून पुढे आलेली. कच्च्या पुस्तकाची एक झेरॉक्स आम्ही तिला वर्गात वाचून बघायला दिली. पंधरा दिवसांनी ती प्रत घेऊन ती स्वतःच नंदुरबारला आली, खुर्चीच्या टोकावर बसली आणि म्हणाली, "पोरं हसली."

"चांगलंच झालं की," मी म्हटलं.

"पुस्तकाला हसली, ताई."

महूचा पाठ माझा होता. त्यात एक आई सकाळी महूच्या झाडावर चढून फुलं तोडते, असं मी मोठ्या हौसेनं लिहिलं होतं. मुलांनी विचारलं म्हणे, ही बाई वेडी आहे का? महू पहाटे आपोआप खाली पडतो आणि तो टोपलीत वेचतात, त्यासाठी झाडावर चढतं कोण? होळी आम्ही संध्याकाळी पेटवली होती. त्यांच्याकडे ती पहाटे पेटते. घरांना आम्ही मातीच्या भिंती दिल्या होत्या. त्यांच्या भिंती बांबूच्या कुडाच्या. जवळजवळ प्रत्येक पानावर तिनं पेन्सिलीनं गोल करून आणले होते. मला राग आला, कारण ती खरं बोलत होती.

सर मात्र शांतपणे म्हणाले, "मग आता तुम्हीच दुरुस्त करा. नुसत्या खुणांनी आम्हाला काही कळणार नाही, तिथं बोलीत काय लिहायचं ते तुम्हालाच ठाऊक. तुमच्या हाताखालून गेल्याशिवाय पुस्तक छापायला जाणार नाही."

एवढंच तिला हवं होतं. दर वर्षी तिच्या वर्गात नवी मुलं येऊन बसणार होती. त्यांच्या हातात आयुष्यातलं पहिलं पुस्तक पडेल तेव्हा त्यात त्यांचं घर खरं असावं, याच्यापुढे तिची काही मागणी नव्हती.

पण त्या पाड्यावर मोबाइलला रेंज नाही. पाठांच्या पानांत मोठी चित्रं होती, सोबत गाण्यांची रेकॉर्डिंग होती, आणि असलं जड काम फोनवरून पाठवणं शक्यच नव्हतं. मग आम्ही संस्थेचा एक जुना कॉम्प्युटर गादीत गुंडाळून जीपनं मोलगीला आणि तिथून माणसांच्या खांद्यावरून पाड्यावर पोचवला. शाळेच्या पत्र्यावर सौर पॅनल होतं. त्याची बॅटरी दोन-अडीच तास पुरायची, मग सगळं बंद. ये-जा करायला एक हार्ड डिस्क ठेवली. नंदुरबारहून मोलगीच्या बाजाराला मिठाच्या गोण्या, कापड, भांडी नेणारी एक जीप होती. तिचा ड्रायव्हर ती डिस्क जेवणाच्या डब्यात कापूस घालून एका बाजाराला वर न्यायचा आणि पुढच्या बाजाराला खाली आणायचा. शिक्षिका बाजाराला चालत यायची आणि चहाच्या दुकानातून डबा घेऊन जायची.

कॉम्प्युटर वर नेण्याआधी दोन दिवस ती आमच्याकडे शिकायला राहिली होती. तो जुना कॉम्प्युटर चालू केला की काळ्या पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी यायच्या आणि तो तिथंच अडून बसायचा. मी म्हटलं, "हे आलं की एफ-वन दाबायचं आणि पुढं जायचं. वाचत बसायचं नाही." तिनं वहीत पहिलीच ओळ लिहून घेतली: आधी एफ-वन. पुढचंही सगळं तिनं एकदा पाहून उचललं. मला शिकवायला फारसं लागलंच नाही, आणि त्याचंही मला थोडं वाईट वाटलं होतं.

अगदी सुरुवातीला मी आपली सरळ पद्धत वापरली: सगळं सिलेक्ट करायचं, कॉपी करायचं, पेस्ट करायचं. वर पाड्यावर तिनं तेच केलं, तर निम्म्यात बॅटरी संपली. काय आलं, काय राहिलं, कोणाला पत्ता नाही. तिनं कळवलं की डिस्कवरचं मशीनवर घेण्यातच एक अख्खा दिवस जातो, मग काम कधी करायचं?

मी ऑफिसचा लॅपटॉप आणि डिस्क घेऊन नंदुरबारच्या बाजारातल्या आमच्या नेहमीच्या शेठकडे गेले. शेठ मूळचे मारवाडचे. तीन पिढ्या इथं झाल्या. वह्या-पेनांपासून कॉम्प्युटरच्या तारांपर्यंत सगळं विकतात आणि अहिराणी आमच्यापेक्षा झोकात बोलतात. माझं रडगाणं ऐकून ते म्हणाले, "बेटी, बठ्ठं कापी कराले कोनी सांगं तुले? जे बदलनं तेवढंच लई जा ना." आणि त्यांनी दोन बोटांनी पडद्यावर उघडलेल्या काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करून दाखवली. आधी एक्सकॉपी, मग कुठून, मग कुठे, आणि शेवटी तिरप्या रेघा मारून तीन अक्षरं. डी म्हणजे तारीख बघ, इकडची फाईल तिकडच्यापेक्षा नवी असेल तरच घे. एस म्हणजे पोटातले फोल्डरही घे. वाय म्हणजे दर फाईलला "बदलू का?" विचारत बसू नकोस. हा वाय मला फार आवडला. माझ्याच वळणाचा होता.

एंटर दाबल्यावर ज्या कॉपीला दुपार लागायची ती चहा गार व्हायच्या आत आटोपली. फक्त बदललेल्या चार फाईलींची नावं पडद्यावर सरकली आणि खाली आकडा आला. मला इतका आनंद झाला की शेठनी पुढं केलेला चहा मी न पिताच पळत ऑफिसला आले. दोन छोट्या फाईली बनवल्या. एकीचं नाव "घे", तिच्यावर दोनदा टिचकी मारली की डिस्कवरचं नवं तेवढं मशीनवर यायचं. दुसरीचं नाव "पाठव", तिनं मशीनवरचं नवं तेवढं डिस्कवर जायचं. सोबत चिठ्ठी लिहिली: आधी "घे", मग काम, शेवटी "पाठव". काळी खिडकी उघडून मिटते, घाबरू नका.

पुढची खेप आली. मी माझ्याकडे ओळ चालवली आणि खाली आकडा आला: शून्य. एकही फाईल बदललेली नव्हती. म्हटलं, असेल, सणावाराचे दिवस होते. दुसऱ्या खेपेला पुन्हा शून्य. तिसऱ्या खेपेला मी डिस्क लावायच्या आधीच चिडले होते, आणि शून्यानं मला निराश केलं नाही. आमच्या पुस्तकातल्या चुका काढायला ही बाई डोंगर उतरून आली, आणि आता स्वतः लिहायची वेळ आली तर हात चालत नाही! बोलणं सोपं असतं, करून दाखवणं अवघड, असं मी सरांना दोन-तीनदा ऐकवलं. सर म्हणाले, "थांबा थोडं." थांबणं मला जमत नाही.

मी डब्यात चिठ्ठी टाकली: "दोन महिने होत आले, एकही पान बदललेलं नाही. जमत नसेल तर तसं कळवावं."

डबा परत आणताना ड्रायव्हर म्हणाला, "ताई, चिठ्ठीमा काय लिखं व्हतं? ती बाई वाचीसन बराच येळ तशीच उभी ऱ्हायनी."

तिचं उत्तर दोन वाक्यांचं होतं. "करते आहे. तुम्ही पण नीट बघा."

तुम्ही पण नीट बघा! त्या ओळीनं माझ्या अंगाची लाही लाही झाली. उलट मलाच शहाणपण शिकवते? दुपारी मी जेवलेही नाही. आज वाटतं, तिचं ते एक वाक्य मी खरंच मनावर घेतलं असतं, तिच्या एका तरी फाईलीकडे नीट बघायची तजवीज केली असती, तर सगळा घोळ तिथंच मिटला असता. पण मी पडद्यावरच्या शून्यावर विश्वास ठेवला. माणूस खोटं बोलेल, मशीन कशाला बोलेल, असं मला वाटत होतं.

चौथी, पाचवी, सहावी खेप. शून्य, शून्य, शून्य. एव्हाना मी तिच्या बाजूनं काही बघायचंच सोडून दिलं होतं. छापखान्याची तारीख जवळ आली. सर म्हणाले, शाळा उघडताना पुस्तक मुलांच्या हातात हवं असेल तर आता थांबता येत नाही. सातव्या खेपेला डिस्क वर गेली, आणि त्याच आठवड्यात मी एक पत्र टाइप केलं. "आपल्याकडून काम न आल्याने पुस्तक पूर्वीच्या स्वरूपात छपाईला देत आहोत." सरांनी नाइलाजानं सही केली, पण एक अट घातली. "हे डब्यातून पाठवायचं नाही. स्वतः जाऊन हातात द्यायचं, आणि देण्याआधी तिच्या तोंडून कारण ऐकून घ्यायचं."

म्हणून मी बाजाराच्या दिवशी मिठाच्या गोण्यांशेजारी बसून मोलगीला गेले. वाटभर मी बोलायची वाक्यं जुळवत होते. ती चहाच्या दुकानापाशी डबा घेऊनच उभी होती, डिस्क परत पाठवायला. मला बघून दचकली. मग म्हणाली, "आला ते बरं झालं. चला, शाळेत येऊनच बघा." बाजारात काही बोलणं मला प्रशस्त वाटेना. पत्र पर्समध्ये ठेवून मी तिच्या मागं चालायला लागले. ती भराभर पुढं जायची आणि वळणावर थांबून माझी वाट बघायची. झाडांखाली जमीन झाडून स्वच्छ केलेली होती आणि घरांपुढे महूची फुलं वाळत घातलेली होती. त्या वासातून चालताना मी माझ्या पाठातल्या झाडावर चढलेल्या बाईचा विचार टाळत होते.

शाळेत कोणी नव्हतं. बाजाराचा दिवस, सुट्टीच. तिनं खिडकी उघडली, मला स्टूल दिलं आणि मी म्हटलं, "तुमचं काम दाखवा." आवाज कडकच होता. तिनं कॉम्प्युटरचं बटण दाबलं. काळा पडदा आला, दोन ओळी आल्या, आणि तिनं पडद्याकडे न बघताच एफ-वन दाबलं, भाकरी उलटताना हात जातो तसं.

मशीन चालू झालं. तिनं महूचा पाठ उघडला. पहिल्याच ओळीत आई टोपली घेऊन पहाटे झाडाखाली वाकलेली होती आणि फुलं वेचत होती. भिली मला मोडकीतोडकी वाचता येते, पण एवढं कळलं. दुसरा पाठ उघडला, कुडाच्या भिंती. तिसरा, पहाटेची होळी. एकेक करत तिनं सगळे पाठ दाखवले. काम पुरं होतं.

"हे कधी केलंत?"

"दर वेळेलाच करते. पोरांना वाचून दाखवते." तिचा आवाज आता माझ्याहून कडक होता. "मी वेचते लिहिते, तुम्ही परत तोडते करून पाठवता. मी होळी पहाटे नेते, तुम्ही संध्याकाळी आणता. सहा वेळा झालं. तुम्हाला पटत नसेल तर तोंडानं सांगायचं ना, ताई. पुसून कशाला पाठवता?"

मी म्हटलं, मी एक अक्षर पुसलेलं नाही. तिला ते पटलं नाही. तिच्या जागी मीही विश्वास ठेवला नसता. फाईली मी पुन्हा बघायला लागले, काहीतरी हाताला लागावं म्हणून, आणि नावांच्या शेजारी तारखांचा रकाना दिसला. तिनं दुरुस्त केलेल्या सगळ्या फाईलींवर एकच तारीख: एक जानेवारी, पंधरा वर्षांपूर्वीची. पडद्याच्या कोपऱ्यात बघितलं, तिथंही तीच. म्हणजे त्या मशीनच्या लेखी आजही एक जानेवारीच होती.

मग मात्र माझ्या डोक्यात उजेड पडायला वेळ लागला नाही. कॉम्प्युटरच्या पोटात एक बटणासारखा सेल असतो, मशीन बंद असताना घड्याळ चालू ठेवणारा. तो केव्हाच मेला होता. त्या काळ्या पडद्यावरच्या दोन ओळी तेच सांगत होत्या, की तारीख गेली आहे, लावून द्या. आणि वाचत बसू नका, असं मीच तिला शिकवलं होतं. रोज बॅटरी संपायची, रोज घड्याळ मागं जायचं आणि त्या खोलीत रोज एक जानेवारी उजाडायची. तिनं आज दुरुस्त केलेल्या पानावर मशीन पंधरा वर्षांपूर्वीची तारीख मारायचं. "पाठव" म्हटलं की माझी ती लाडकी ओळ तारीख बघायची, हे तर जुनं आहे म्हणायची आणि तिचं काम डिस्कवर घ्यायचीच नाही. पुढच्या खेपेला "घे" म्हटलं की डिस्कवरची माझी पानं तारखेनं नवी ठरायची, आणि तीच ओळ, काही न विचारता, तिची सगळी मेहनत पुसून टाकायची. वाय मीच लावला होता. सहा वेळा.

मी हे सगळं तिला सांगितलं. दोनदा सांगावं लागलं, कारण पहिल्यांदा मी सगळं उलटसुलट सांगितलं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ते हेच, आणि बोंबा मारणारी मी होते. इतकी लाज मला पूर्वी कधी वाटली नव्हती.

"कोपऱ्यातली तारीख तुम्हाला कधी खटकली नाही?" मी विचारलं. दोष देत नव्हते, खरंच विचारत होते.

"दिसायची ना," ती म्हणाली. "पण ताई, माझी जन्मतारीख एक जून. माझ्या भावाची पण एक जून. आमच्या वर्गात सगळ्यांचीच एक जून होती, गुरुजींनी लावून दिलेली. मला वाटलं, या मशीनला पण कोणीतरी एक जानेवारी लावून दिली. इथं आम्ही बाजार मोजतो. सात बाजार झाले की सात आठवडे, त्याला मशीनची तारीख कशाला?"

माझ्या वडिलांच्या कागदावरही एक जूनच आहे. आमच्या जिल्ह्यात अर्धी म्हातारी माणसं एकाच दिवशी जन्मली आहेत, आणि त्यावर कोणी कधी बोट ठेवलेलं नाही. मला हसू आलं, आणि तिलाही. पहिल्यांदाच आम्ही दोघी एकत्र हसलो.

मशीनची तारीख मी हातानं दुरुस्त केली. पण झालेल्या कामावरच्या तारखा जुन्याच होत्या, त्यामुळे डी लावून काही उपयोग नव्हता. मी डी आणि वाय, दोन्ही काढून टाकले आणि डिस्कवर एक नवा कोरा फोल्डर केला, म्हणजे कोणी कोणाला पुसणार नाही. तिचे सगळे पाठ, बदललेले आणि न बदललेले, सरसकट त्यात कॉपी करायला लावले. जुनं मशीन, जड चित्रं. पाऊण तास तरी लागणार होता. बॅटरीत किती उरलंय ते तिला बॅटरीच्या पेटीवरच्या दिव्यावरून कळायचं. ती म्हणाली, "पुरेल. ऊन चांगलंय."

आम्ही दाराशी बसलो. तिनं तीन दगडांवर काळा चहा केला. मला वाटलं, आता लपवण्यात अर्थ नाही. मी पर्समधून पत्र काढून तिला दिलं आणि म्हटलं, "मी हे द्यायला आले होते." तिनं ते सावकाश, शेवटच्या सहीपर्यंत वाचलं.

"'काम न आल्याने' हे बरोबर लिहिलंय," ती म्हणाली. "आलं नव्हतंच ना तुमच्यापर्यंत." आणि कागद घडी करून मला परत दिला. माझ्यावर ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. मी तिची माफी मागितली. मला माफी मागता येत नाही, त्यामुळे ती फार वेडीवाकडी मागितली गेली, पण मागितली. तिनं माझ्या पेल्यात आणखी चहा ओतला.

ते पुस्तक पुढं वेळेत छापून आलं, तिच्या शब्दांत. शेठना मी हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. "मशीनले तारीख समजस, मेहनत नई समजस," असं म्हणून त्यांनी एक बटणसेल माझ्या हातावर ठेवला. तो डब्यातून वर गेला, आणि तिनं चमच्याच्या दांड्यानं जुना सेल उचकटून नवा बसवला. एफ-वनची गरज संपली. पण हे सगळं नंतरचं.

त्या दुपारी आतून मशीनची घरघर ऐकू येत होती आणि मी दर पाच मिनिटांनी उठून पडद्याकडे बघत होते. फाईलींची नावं एकामागून एक सरकत होती. शेवटी सरकणं थांबलं आणि खाली आकडा आला: एकशे चौदा. इतक्या महिन्यांनी शून्याव्यतिरिक्त काही बघितलं म्हणून माझे डोळे भरून आले, आणि ते मी लपवलं नाही. तिनं डिस्क काढून कापसात ठेवली, डब्याचं झाकण लावलं आणि दोन्ही हातांनी तो माझ्याकडे दिला.

मला राहवेना. मी विचारलं, "तुम्हाला वाटत होतं की मी मुद्दाम पुसते आहे. सहा वेळा पुसलं असं वाटूनही तुम्ही परत लिहीत राहिलात. राग नाही आला?"

"आला ना. लई आला. म्हटलं, बाई हट्टी आहे."

"मग सोडून का नाही दिलंत? आज मी आलेच नसते, तर आठव्यांदाही लिहिलं असतंत?"

तिनं खिडकी लावली, दाराला कडी घातली आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी भलतंच विचारलंय.

"पोरं तर रोज येतात ना, ताई."